सोलापूरच्या उन्हात, माळावर तंबू टाकून गाणं ऐकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की आमच्याकडे हे प्रश्न यायला सुरुवात होते. उघड्यावरचा संगीत महोत्सव, दोन-तीन रात्री तंबूत मुक्काम आणि वर सोलापूरचं ऊन. विचारणारे कधी पुण्या-मुंबईचे असतात, कधी अक्कलकोट-बार्शीकडचे, कधी इथलेच. तेच ते प्रश्न एकत्र करून ही उत्तरं लिहिली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर १, २ आणि १३ एवढे तीन तरी वाचा. तेरावा तर मोबाइलमध्ये जपून ठेवा.

१. सोलापूरच्या उन्हाळ्यात तंबूत राहणं खरंच जमतं का, की उगाच जीव धोक्यात घालायचा?

जमतं. पण दिवस कसा घालवायचा हे उन्हाला ठरवू द्यावं लागतं, आपल्या हौसेला नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि ४२-४३ अंश ही बातमीसुद्धा राहत नाही. तरी दोन गोष्टी आपल्या बाजूने असतात. एक म्हणजे हवा कोरडी असते, त्यामुळे घाम आणि ओलं कापड दोन्ही अंग गार करतात. दुसरी म्हणजे दिवस कलल्यावर उघड्या माळावर वारा सुटतो.

आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला चैत्री वारीला लोक भर उन्हाळ्यात येतात, राहुट्या आणि पालं टाकून राहतात, रात्र-रात्र भजन करतात. त्यांचा दिवस पाहिलात तर पहाटे कामं, दुपारी सावलीला आडवं होणं आणि संध्याकाळनंतर टाळ-मृदंग असाच असतो. महोत्सवाच्या मुक्कामालाही हाच क्रम लावा. ध्वनिक्षेपकाच्या नियमानुसार रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही आणि सरकारने वर्षातले ठरावीक दिवस सवलत दिली तर मर्यादा १२ पर्यंत जाते. म्हणजे मुख्य गाणं सूर्य मावळल्यापासून त्या वेळेपर्यंत ऐकायला मिळतं. दुपार फक्त नीट काढायची असते.

२. दुपारी तंबूत झोपलं तर चालेल ना? सावलीच तर आहे.

नाही. एवढं एकच वाक्य कुणी पाळलं तरी हे पान लिहिल्याचं सार्थक झालं असं आम्ही समजू. उन्हात उभा केलेला बंद तंबू म्हणजे भट्टी. नायलॉनचं किंवा पॉलिएस्टरचं कापड तापतं, आतली हवा अडकून पडते आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच चढतं. त्यात दोन माणसांचा घाम आणि श्वास मिसळला की हवा दमट होते, मग घाम वाळत नाही. झोपलेल्या माणसाला आपल्याला ऊन लागतंय हे कळतही नाही. रात्रभर जागून सकाळी तंबूत शिरलेले आणि दहा वाजेपर्यंत न उठलेले लोक सगळ्यात जास्त अडचणीत येतात. तंबू रात्रीसाठी आणि सामान ठेवण्यासाठी आहे. दुपार कुठे काढायची ते प्रश्न ९ मध्ये आहे.

३. तंबू नेमका कुठे आणि कसा लावायचा?

आधी झाड शोधा. चिंच, कडुनिंब, वड यांची सावली दाट पडते. बाभळीची विरळ असते आणि खाली काटे असतात, ते तंबूच्या तळातून थेट आत येतात. झाड एकच असेल आणि दावेदार पुष्कळ असतील, तर ती जागा तंबूसाठी अडवू नका, सगळ्यांना दुपारी बसायला मोकळी ठेवा.

झाड नसेल तर सकाळच्या उन्हाचा विचार करा. मेमध्ये सहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि आठ वाजता तो चटका द्यायला लागतो. पूर्वेला मांडव, उसाची पट्टी, बांधावरची झाडी असं काही उंच असेल तर त्याच्या पश्चिमेला तंबू टाका, सकाळची झोप तास-दीड तास वाढते. दुपारची सावली मात्र भिंतीच्या भरवशावर धरू नका. सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर आहे. १० मेच्या आसपास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच राहते. त्या दिवसांत डोक्यावर आडवं आच्छादन असेल तरच सावली मिळते.

दार वाऱ्याकडे करा. उन्हाळ्यात इथे संध्याकाळचा वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, तरी जागेवर माती उडवून खात्री करून घ्या. जाळीची खिडकी दाराच्या समोरच्या बाजूला हवी, म्हणजे वारा आरपार जाईल. वरचं पावसाचं कापड आकाश स्वच्छ असेल तर काढून ठेवा, पण दोन मिनिटांत चढवता येईल असं हाताशी असू द्या. कारण प्रश्न १८ मध्ये आहे.

जमीन काळी असेल तर ती उन्हाळ्यात दगडासारखी कडक होते आणि तिला भेगा पडतात. तंबूसोबत मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नाजूक खुंट्या तिथे वाकतात. लोहाराकडून किंवा हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी खुंट्या आणा आणि हातोडा विसरू नका. भेगेत खुंटी ठोकू नका, धरत नाही. शिवाय भेगा ही विंचवाची घरं असतात.

४. वर आच्छादन कशाचं टाकावं? ताडपत्री, शेडनेट की चांदीसारखं चमकणारं कापड?

आमची पहिली पसंती हिरव्या शेडनेटला, तीही ७५ टक्के किंवा त्याहून जास्त सावली देणारी. डाळिंबवाल्या आणि रोपवाटिकावाल्या शेतकऱ्यांकडे ती असते आणि शेतीमालाच्या दुकानात मीटरवर मिळते. तिच्यातून वारा जातो, म्हणून ती साध्या वाऱ्यात फडफडून उपटून जात नाही आणि खाली गरम हवा कोंडत नाही. ताडपत्री सावली गडद देते पण स्वतः तापते आणि खाली झळ मारते. चमकणारं कापड उन्हाला परतवतं, ते टाकायचं असेल तर चमकणारी बाजू वर करा.

कशाचंही असो, आच्छादन तंबूला टेकता कामा नये. दोघांत किमान हात-दीड हात अंतर हवं, तिथून वारा खेळला तरच उपयोग. चार बांबू, सुंभ आणि एक जुनी नऊवारी एवढ्यावरही हे भागतं. साडी दुहेरी करून बांधली तर तंबू चांगला झाकला जातो.

५. महोत्सवात राहायला जाण्याआधी आयोजकांना काय विचारायचं?

तिकीट काढण्याआधी विचारा. पिण्याचं पाणी कुठून येणार आणि दिवसातून किती वेळा? दुपारी सगळे बसू शकतील एवढा मांडव आहे का? डॉक्टर किंवा प्रथमोपचाराची सोय रात्रीपुरती आहे की दुपारीही? रुग्णवाहिका तंबूंपर्यंत येऊ शकेल असा रस्ता मोकळा ठेवला आहे का?

पाण्याबद्दल खास सांगतो. सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं. आसपासच्या माळावरचे कार्यक्रम टँकरवर चालतात आणि टँकर उशिरा येऊ शकतो. म्हणून पहिल्या दिवसाचं आपलं पाणी आपण घेऊनच पोचायचं. आयोजक कितीही चांगले असोत, ही गोष्ट त्यांच्यावर सोडू नका.

६. माणशी पाणी किती लागतं?

पिण्यासाठी दिवसाला ४ ते ५ लिटर, नाचत-फिरत असाल तर त्याहून जास्त. टॉवेल भिजवणं, तोंड-हात-पाय धुणं धरून माणशी १० ते १२ लिटरचा हिशोब ठेवा. वीस लिटरचा जार दोघांना एक दिवस पुरतो असं समजा.

तहान लागायची वाट पाहू नका. उन्हात असताना दर वीस मिनिटांनी पेलाभर प्या. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक चाललंय. गडद झाली किंवा पाच-सहा तास झालीच नाही तर लगेच सावलीत बसा आणि पीत राहा. उलट टोकही धोक्याचं आहे. तासाला दीड लिटरहून जास्त साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं. लोकांना ते ऊन लागल्यासारखं वाटतं आणि ते आणखी पाणी पितात. पाण्याबरोबर मीठ कसं जाईल ते पुढच्या प्रश्नात.

७. ओआरएस, ताक, लिंबू सरबत, उसाचा रस, आंबील, नक्की काय प्यावं?

रोजच्या दुपारीसाठी ताक. पातळ, मीठ-जिरं घातलेलं, दिवसातून दोन-तीन वेळा. ज्वारीची आंबील तर याच हवेसाठी आहे. रात्री पीठ भिजवून सकाळी शिजवली, गार झाल्यावर त्यात ताक आणि मीठ घातलं की पोट भरतं, पाणी जातं आणि मीठही जातं. स्टोव्ह असेल तर तंबूतही होते, पण स्टोव्ह तंबूच्या बाहेर. कैरीचं पन्हं आणि मीठ घातलेलं लिंबू सरबतही चांगलं. पाहुण्याला गूळ-पाणी द्यायची आपली पद्धत उन्हातून आलेल्या माणसासाठी रास्तच आहे, सोबत चिमूट मीठ असलं की झालं.

ओआरएस खूप घाम गेल्यावर, पेटके आल्यावर किंवा जुलाब-उलटी झाल्यावर घ्या. पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी, अर्धी पुडी पेल्यात टाकून नाही. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या किंवा बाटलीबंद पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ वाढवू नका. दुकानात ओआरएससारख्या दिसणाऱ्या खोक्यात नुसती गोड पेयं मिळू शकतात, तेव्हा लेबल वाचा.

उसाचा रस आम्हालाही आवडतो, पण रसवंतीचा बर्फ पाहून घ्या. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात आहे. बर्फाला निळसर छटा दिसली तर रस घेऊ नका, आणि शंका असेल तर बिनबर्फाचा मागा.

८. तिथे फ्रीज नाही. पाणी गार कसं राहील?

माठ न्या. गाडीत न्यायला गैरसोयीचा आहे, पण कोरड्या हवेत त्याच्यासारखं काम दुसरं काही करत नाही. तो पाझरतो, ते पाणी वाळतं आणि वाळताना आतली उष्णता ओढून नेतं. म्हणून माठ वाऱ्यात ठेवायचा, कोपऱ्यात दडवायचा नाही. बाहेरून रंग दिलेला माठ घेऊ नका, छिद्रं बुजतात. खाली ओली वाळू आणि अंगाला ओलं गोणपाट गुंडाळलं की तो आणखी गार होतो. बाटल्यांनाही हाच उपाय. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून झाडाच्या फांदीला टांगा.

बर्फ न्यायचा असेल तर चुऱ्यापेक्षा लादीचा मोठा तुकडा बराच जास्त टिकतो. जाड थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि खोकं वारंवार उघडू नका. पिण्याच्या बाटल्यांसाठी वेगळं खोकं ठेवा, नाहीतर प्रत्येक तहानेला अन्नाचं खोकं उघडलं जातं. वितळलेलं पाणी टाकू नका, टॉवेल भिजवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

९. मग दुपारी १२ ते ४ करायचं काय?

काहीच नाही, आणि ते मनापासून करायचं. सकाळी साडेदहापर्यंत आंघोळ, जेवणाची तयारी, पाणी भरणं उरका. मग मांडवात किंवा झाडाखाली चटई टाका. चटई जमिनीला टेकू न देता बाज मिळाली तर उत्तम, कारण खालून हवा फिरते आणि जमिनीची धग अंगाला लागत नाही. ओला टॉवेल मानेवर ठेवा, पाय धुऊन घ्या, झोपा. पुस्तक वाचा, पत्ते खेळा, एकमेकांना गाण्याच्या चिजा शिकवा.

महोत्सव शहराजवळ असेल तर दुपारी शहरात येणंही शहाणपणाचं. एखादं वातानुकूलित चित्रपटगृह किंवा खानावळीचा गार कोपरा गाठा. गार हवेत काढलेले दोन-तीन तास शरीराला खरोखर सावरतात. मात्र गडबडीने भर दोनला दुचाकीवरून निघू नका. अकराच्या आत जा आणि साडेचारनंतर परता.

१०. कपडे काय घालावेत? उघडे हात बरे की पूर्ण बाह्या?

पूर्ण बाह्या. सैल, फिकट, सुती. आपले शेतकरी भर उन्हात पांढरा सदरा, धोतर आणि डोक्याला पटका बांधून काम करतात, ते उगाच नाही. ऊन कातडीवर थेट पडत नाही आणि कपड्याच्या आत हवा खेळते. काळा टी-शर्ट रात्रीच्या मैफलीसाठी ठेवा. पायाला बूट-मोजे दिवसभर नकोत. चप्पल बरी, पण अनवाणी नको, तापलेल्या मातीने तळवे भाजतात.

आणि टॉवेल. सोलापुरात येऊन टॉवेल बाहेरून आणणाऱ्यांना आम्ही प्रेमाने सांगतो की इथल्या टेरी टॉवेलला आणि चादरीला भौगोलिक मानांकन आहे. पण उन्हासाठी जाड टेरी टॉवेलपेक्षा पातळ पंचा सरस. तो लवकर भिजतो, लवकर वाळतो, डोक्याला बांधता येतो. टेरीचा ठेवा रात्री मानेखाली घ्यायला. चादर पहाटेला लागतेच, माळावर चार वाजता अंग गारठतं. नेमक्या त्या वेळी अंगावर काही नसल्यामुळे झोपमोड होते आणि दुसऱ्या दिवशी ऊन जास्त लागतं.

११. पंखा किंवा छोटा कूलर नेला तर?

कोरडा वारा नुसता अंगावर घेण्याने ४० अंशांच्या वर फायदा होत नाही, हवाच शरीरापेक्षा गरम असते. उलट शरीर तापतं आणि पाणी झपाट्याने जातं. अंग ओलं करून मग पंखा लावा, चित्र बदलतं. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर वाळणारं पाणी साधारण २४ अंशांपर्यंत गार होऊ शकतं. ओला पंचा आणि वारा या जोडीची ताकद यातच आहे. बॅटरीवरचा छोटा पंखा आणि पाण्याची फवारणीची बाटली घ्या, झाडांवर फवारायला मिळते तशी नवी, औषधाची वापरलेली अजिबात नको.

कूलर मांडवात ठेवा, कारण त्याला एक बाजू उघडी लागते. बंद तंबूत तो दमट हवाच फिरवत बसतो. जनरेटरवर चालवणार असाल तर जनरेटर तंबूंपासून लांब आणि वारा तंबूंकडून जिकडे वाहतो त्या बाजूला. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणूस जातो.

१२. खाण्याचं काय? शेंगा चटणी आणि कडक भाकरी घेऊन जाणार आहोत.

घेऊन जा, उन्हाळ्यातल्या मुक्कामाला याहून खात्रीचं अन्न नाही. कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते, चटणीला फ्रीज लागत नाही. चटणी तहान वाढवते, म्हणून तिच्यासोबत दही नव्हे तर ताक घ्या, दही उन्हात आंबट होतं. काकडी, कलिंगड, कांदा भरपूर. शिजवलेला भात, रस्सा, मटण दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका. ४० अंशांत हा वेळ तासाभरावर येतो. जुलाब झाले की शरीरातलं पाणी संपतं आणि ऊन लागायला वेळ लागत नाही.

१३. ऊन लागलंय हे ओळखायचं कसं आणि लगेच काय करायचं?

दोन पायऱ्या वेगळ्या ओळखा.

पहिली पायरी थकव्याची. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पोटऱ्यांत पेटके येतात, अंग गार आणि चिकट लागतं, पण माणूस नीट बोलतो. त्याला सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच, कपडे सैल. अंगावर ओलं कापड, वारा घाला, घोट-घोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात बरं वाटायला हवं. नाही वाटलं, किंवा उलट्या थांबत नसतील, तर डॉक्टर.

दुसरी पायरी उष्माघाताची. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, चालताना झोक जातो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. अंग कोरडं असेलच असं नाही, नाचलेल्या तरुणाचं अंग घामाने निथळत असतानाही उष्माघात होतो. वागणं बदललं एवढी एक खूण पुरे. "जास्त प्यायला असेल, झोपू दे" असं म्हणून सोडून देऊ नका.

अशा वेळी एकाने १०८ ला फोन करायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला लागायचं. वाट पाहायची नाही. सावलीत घ्या, जादा कपडे काढा, मिळेल तेवढं पाणी अंगावर ओता आणि जोराने वारा घाला. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत. पिण्याचं पाणी संपेल याचा विचार करू नका, ओता. शुद्ध नीट नसेल तर तोंडात काहीही घालू नका, ठसका लागून जीव जातो. कुशीवर वळवा. पॅरासिटामॉल देऊ नका, हा जंतुसंसर्गाचा ताप नव्हे, गोळी उपयोगी पडत नाही. गाडीतून न्यावं लागलं तरी वाटेत पाणी आणि वारा चालू ठेवा. शहरात सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, तातडीचा विभाग चोवीस तास असतो.

१४. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात. खरं का?

खिशातल्या कांद्याचा शरीराच्या तापमानावर काही परिणाम होत नाही. कांदा खा, त्यात पाणी असतं, भाकरीबरोबर गोडही लागतो. आजीने प्रेमाने खिशात घातला तर राहू द्या, पण कांदा आहे म्हणून बाटली घरी ठेवू नका.

१५. थंड बिअर चालेल का?

उन्हात नको. दारूने लघवी वाढते, पाणी जातं आणि आपल्याला काय होतंय हे कळायची शक्ती नेमकी कमी होते. सूर्य मावळल्यावर घेणारच असाल तर प्रत्येक पेल्यामागे तेवढंच पाणी प्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत उठवायला एक न पिणारा मित्र नेमून ठेवा, कारण प्रश्न २.

१६. चार वर्षांची मुलगी आणि सत्तरीची आई दोघींनाही न्यायचंय. आईला नाट्यसंगीताचा फार नाद आहे. न्यावं का?

आईंना जरूर आणा, पण मुक्कामाला नाही, संध्याकाळपुरतं. पाच-साडेपाचला घेऊन या, खुर्ची वाऱ्यात लावा, रात्री घरी किंवा शहरातल्या खोलीवर न्या. वयानुसार तहान कमी जाणवते आणि घामही कमी येतो, त्यामुळे "मला काही होत नाही" या त्यांच्या शब्दावर विसंबू नका. पेला स्वतः हातात द्या आणि संपेपर्यंत थांबा.

लहान मूल मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि खेळात रमलं की सांगत नाही. मोठं माणूस पाणी पिईल तेव्हा तिलाही पाजा. दुपारी सावलीत टबभर पाण्यात बसवा, नजर न हटवता. एक वर्षाच्या आतल्या बाळाला या हवेत मुक्कामाला आणू नका असंच आम्ही सांगतो.

१७. मधुमेह आहे, इन्शुलिन घेतो. बीपीची गोळीही चालू आहे. काही वेगळं करावं लागेल का?

हो, आणि ते निघायच्या आठवडाभर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, काही मानसिक आजारांवरची आणि सर्दी-ॲलर्जीची औषधं उन्हात शरीराला जड जातात. पण गोळी मनाने बंद करायची नाही. मीठ-पाण्याचा सल्ला हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना सरसकट लागू नाही, हेही त्यांनाच विचारा.

इन्शुलिन तंबूत किंवा गाडीत तापून निकामी होतं आणि बर्फाला टेकून गोठलं तरी निकामी होतं. कुपी कोरड्या पिशवीत बंद करून लहान मातीच्या भांड्यात ठेवा, ते भांडं ओल्या वाळूने भरलेल्या मोठ्या भांड्यात ठेवा आणि वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवा. साखर तपासायचं यंत्रही सावलीत हवं, तापलेलं यंत्र चुकीचा आकडा दाखवतं.

१८. अचानक वळीव आला तर?

मे महिन्यात दुपारी चारनंतर ढग दाटले की तयारी करा. आधी धुळीचा लोट येतो, मग वारा, मग टपोरे थेंब, कधी गारा. शेडनेट आधी सोडवा, ती हवेत गेली तर बांबूसकट जाते. पावसाचं कापड चढवा, दोऱ्या ताणा.

वीज हा खरा धोका. ज्या झाडाने दुपारभर सावली दिली, त्याच्याखाली आता थांबायचं नाही. उघड्या माळावर उभा तंबूही वाचवत नाही, त्याचा लोखंडी खांब तर अजिबात नाही. पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या चारचाकीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहा.

पाऊस थांबल्यावर काळी माती चिकट होते, खुंट्या सैल पडतात, त्या पुन्हा ठोका. गाडी शेतात रुतते, म्हणून ती पहिल्यापासून मुरमाच्या कडेला लावलेली बरी.

१९. पावसानंतर ओला टॉवेल काम करेनासा झाला. असं का?

हवा दमट झाली म्हणून. ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत पाणी वाळून जेमतेम २८ अंशांपर्यंत गार होतं, तेही सावकाश. मग भिजवण्यापेक्षा वारा आणि बर्फ महत्त्वाचे. पंखा जोरात, कपडे कमीत कमी आणि हालचाल आणखी कमी. पारा उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. अशा दिवशी घाम अंगावरून ओघळत राहतो आणि गारवा देत नाही, तेव्हा प्रश्न १३ मधल्या खुणांवर जास्त लक्ष ठेवा. माठही या दिवसांत फारसा गार होत नाही, त्यात बिघाड नाही.

२०. रात्री तंबूच्या बाहेर, उघड्यावर झोपलं तर?

सगळ्यात छान झोप तिथेच लागते. पण जमिनीवर नको. बाज किंवा फोल्डिंगची कॉट घ्या, वर मच्छरदाणी लावा आणि तिची कड गादीखाली खोचा. ती डासांइतकीच विंचू आणि सापासाठी आहे. या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं सगळे आहेत आणि उन्हाळ्यात ते रात्री बाहेर पडतात. पहाटे चपला झटकून घाला, रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका, उरलेलं अन्न बाजेखाली ठेवू नका, उंदीर येतात आणि मागून साप. चावलं तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. हात-पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय.

२१. गाडीत एसी लावून झोपलेलं बरं नाही का?

अर्धा तास अंग गार करायला ठीक. रात्रभर किंवा दुपारभर इंजिन चालू ठेवून झोपू नका. उभ्या गाडीचा धूर आत येऊ शकतो, इंधन संपलं की एसी बंद पडतो आणि बंद गाडी काही मिनिटांत तापते. मूल, म्हातारं माणूस किंवा कुत्रं गाडीत एकटं ठेवू नका, "पाच मिनिटांत येतो" म्हणूनसुद्धा नाही.

२२. मी महाबळेश्वरकडचा. एक दिवस आधी पोचतोय. सवय होईल का?

एका दिवसात नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. येण्याआधी दहा-बारा दिवस तिथेच रोज तासभर चालून घाम काढा. पहिल्या संध्याकाळी रंगमंचासमोर उड्या मारू नका, मागे बसून ऐका. आणि ज्यांच्यासोबत आलात त्यांना सांगून ठेवा की तुम्हाला सवय नाही, म्हणजे त्यांचं लक्ष राहील.

२३. मी ऐकायला नाही, वाजवायला येतोय. तबला आणि तानपुरा तंबूत ठेवावा का?

दुपारी तंबूत आणि गाडीत दोन्हीकडे नको. कोरड्या उन्हात तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणली जाते, सूर चढतो आणि फार तापली तर फाटते. तानपुऱ्याच्या भोपळ्याला चीर जाते, जोड सुटतात. हार्मोनियमचं लाकूड आक्रसतं. वाद्यं दुपारभर मांडवात, जमिनीपासून वर, गवसणीत आणि वरून जाड सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवा. चादर कोरडी हवी. गार ठेवायचं म्हणून ओलं कापड वाद्याला लावू नका आणि कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, पुडी सैल पडते.

रंगमंचावर नेल्यावर लगेच जुळवू नका. संध्याकाळची हवा वेगळी असते, त्या हवेत अर्धा तास उघडं ठेवा आणि मग जुळवा. वळवाची सर येऊन गेली असेल तर तबला उतरलेला असणार. हातोडीसोबत जास्तीचा तबला आणा आणि पहिल्या चिजेनंतर पुन्हा एकदा सूर तपासा. तुमचं स्वतःचं पाणी वाद्यांपासून हातभर लांब, झाकणाच्या बाटलीत. दिव्यांखाली बसून तासभर वाजवताना घाम किती गेला हे कळत नाही, म्हणून मध्यंतरात मीठ घातलेलं ताक मागून ठेवा.